मेलेल्या पेशींचा ढिगारा

परभणी जिल्ह्यातील वालूरच्या जुन्या बारवा आपण पाहिल्या असतील. काठ ढासळला की पडझड पाण्यात जाते आणि बारव बिघडते. किरणोपचारात शरीराचेही असेच काही होत असेल का?

किरणांनी गाठीतल्या पेशी मरतात. शेजारच्या निरोगी पेशींनाही किरण लागतात, म्हणून कातडी भाजते, तोंड येते. पण जिथे किरण पोहोचलेच नाहीत, तिथेही इजा दिसते. ती कशी?

टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील ॲक्ट्रेक संस्थेत डॉ. इंद्रनील मित्रा व सहकाऱ्यांनी याचे उत्तर शोधले. पेशी मेली की क्रोमॅटिनचे, म्हणजे हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेल्या डीएनएचे, तुकडे बाहेर पडतात. ते निरोगी पेशींत शिरून तेथील डीएनए बिघडवतात व दाह निर्माण करतात, असे त्यांचे म्हणणे आहे.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांच्या अर्ध्याच शरीरावर किरण सोडले, तरी मेंदूच्या पेशींत इजेच्या खुणा आढळल्या. हिस्टोनला चिकटणारी प्रतिपिंडे लावलेले नॅनोकण सोबत दिले, तेव्हा त्या टळल्या. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. ढिगारा उचलणारे हातही तेवढेच सूक्ष्म!

अर्थात हे उंदरांत घडले. माणसांसाठी हा रुळलेला उपचार नव्हे. आपल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी किरणोपचार चालू असतील, तर एवढे जरूर सांगूया : त्रास डॉक्टरांना सांगा, पण उपचार अर्धवट सोडू नका.