खांबाखालचे चुकलेले बोल्ट
पोलादी खांब यारीनें उचलून पायावर आणावा, आणि काँक्रिटांतून वर आलेले बोल्ट तळपट्टीच्या छिद्रांत शिरूं नयेत! यारीचें भाडें चढत असतें. मिस्त्री बोल्ट ज्योतीनें तापवून वांकवूं पाहतो. हें घातक होय. उच्च बळाच्या पोलादाचें पाणी त्या उष्णतेनें उतरतें, आणि वरची चौकट जोडली जाईपर्यंत खांब वाऱ्यांत उभा राहतो तो याच बोल्टांच्या आधारावर. वस्तुतः छिद्र मुळांतच ऐसपैस ठेवतात. अमेरिकन कोष्टकांत पाऊण इंची बोल्टास १ ५/१६ इंचांचें. तेंहि अपुरें पडल्यास आराखडा करणाऱ्या इंजिनियराच्या संमतीनें तें वाढवावें व वर जाड वॉशर वेल्ड करावा. अंतर फारच असेल, तर जुना बोल्ट कापून, योग्य जागीं काँक्रिटांत छिद्र पाडून नवा इपॉक्सीनें बसवावा.