रक्ताच्या थेंबात स्तनाचा कर्करोग सापडेल का?

रक्ततपासणीच्या ‘पॅकेज’च्या जाहिरातींत हल्ली ‘कॅन्सर मार्कर’ हे शब्द आढळतात. मार्कर म्हणजे खूण. कर्करोगाच्या पेशींतून काही द्रव्ये रक्तात उतरतात. ती मोजली की रोगाचा माग लागावा, अशी ही कल्पना. स्तनाच्या कर्करोगासाठी ‘सीए १५-३’ हे असेच एक द्रव्य. परंतु गाठ लहान असताना रक्तातले त्याचे प्रमाण बहुधा वाढलेलेच नसते. उलट यकृताच्या विकारातही ते वाढू शकते. म्हणून डॉक्टर त्याचा उपयोग मुख्यतः पसरलेल्या रोगावर औषध लागू पडते की नाही हे पाहण्यासाठी करतात. निरोगी दिसणाऱ्या बाईत रोग हुडकण्यासाठी नव्हे.

आता थोडा हिशेब करू. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला त्यावाचून चैन पडत नाही. समजा, १००० स्त्रियांपैकी ५ जणींना रोग आहे आणि चाचणी निरोगी स्त्रियांच्या बाबतीत १०० पैकी ९५ वेळा बरोबर ठरते. तरीही निरोगी ९९५ पैकी सुमारे ५० जणींना ‘कर्करोगाचा संशय’ असा कागद हाती पडेल! त्या पन्नास घरांतली उडालेली झोप आणि पुढच्या तपासण्यांचा खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा?

गाठीतून रक्तात आलेले डीएनएचे तुकडे शोधण्याचे संशोधन आज जोरात आहे. पण एका समाजातल्या स्त्रियांवर पारखलेली खूण अमेरिकेतल्या स्पॅनिशभाषक स्त्रियांना किंवा आपल्या आया-बहिणींना तशीच लागू पडेल, हे गृहीत धरता येत नाही. आपल्याकडे तर हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी वयात आढळतो.

मग तोवर काय? मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये एक मोठा प्रयोग सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया त्यात होत्या. त्यांतल्या निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, नुसत्या हाताने तपासणी केली. यंत्र नाही, सुई नाही. २०२१ मध्ये वीस वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या गटात रोग अधिक लवकरच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत त्याने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले.

पन्नाशीखालच्या स्त्रियांत मात्र मृत्यू लक्षणीय घटल्याचे दिसले नाही. रक्तातल्या भरवशाच्या खुणेची खरी निकड आहे ती त्यांनाच.