दोघांची संध्याकाळ, चौघांच्या घरात

इंदूर हे रात्री खायला बाहेर पडणारं गाव आहे. राजवाड्याजवळच्या सराफ्यात दिवसभर सोन्याचांदीचा व्यवहार चालतो. सराफांची दुकानं बंद झाली, की त्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस, गराडू आणि जिलबीच्या कढया चढतात. मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटत नाही. नव्या जोडप्याला फिरायला यापेक्षा आणखी काय हवं? आम्हीही पहिली दोन वर्षं भरपूर हिंडलो. मग थोरली झाली, पाठोपाठ धाकटा आला आणि रात्री नऊनंतरचं इंदूर आमच्यापुरतं मिटलं.

माझं माहेर निपाणीचं, सासर गोकाकचं. घरात माझी मराठी, यांची कन्नड आणि मुलांची अंगणातली हिंदी. दोन्हीकडचे आजी-आजोबा गावी. मुलांना घटकाभर सोपवून बाहेर पडावं, असं हक्काचं माणूस इथे नाही. नोकरीसाठी पुण्याला किंवा बेंगळूरला गेलेल्या आपल्याकडच्या कितीतरी घरांची हीच गोष्ट असेल.

लग्नानंतर मी यांना ‘अहो’ म्हणायचे. सासूबाईंनी हौसेनं ‘री’ म्हणायला शिकवलं. मुलं झाल्यावर दोन्ही हाका मागे पडल्या. हे झाले ‘अप्पा’ आणि मी ‘अव्वा’. गॅसचा नंबर, शाळेची फी, धाकट्याचा खोकला, याखेरीज बोलायला काही उरलं नाही. आमचं भांडण नव्हतं. भांडायलाही थोडा निवांतपणा लागतोच की! एका रात्री ओटा पुसताना यांनी विचारलं, ‘‘आपली मातुकते शेवटची कधी झाली गं?’’ मला दिवस आठवेना. त्या प्रश्नानं मी हलले. मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेनं गेली, की या घरात दोन अनोळखी माणसं उरतील की काय, असं वाटून गेलं.

तेव्हापासून शनिवारची संध्याकाळ आमची झाली. बाहेर जाता येत नाही ना, मग घरातच!

पहिली गोष्ट झोपेची. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी काही सूचना दिल्या. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून ११ ते १४ तास आणि तीन ते चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी, झोपण्या-उठण्याच्या वेळाही ठरलेल्या हव्यात, असं त्यांत आहे. आमची थोरली चार वर्षांची, धाकटा दोनचा. सकाळी साडेसहाला उठायचं, तर रात्री साडेआठला दिवा मालवायलाच हवा. हा हिशेब मांडला आणि लक्षात आलं, की मुलांच्या तब्येतीसाठी जे हवं, तेच आमच्याही सोयीचं आहे. मात्र शनिवार म्हणून वेळ सैल सोडायची नाही. मुलं गुंतून राहावीत म्हणून टीव्ही लावून देणंही नको. त्याच सूचनांमध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांना पडद्यासमोर दिवसाकाठी एक तासाहून जास्त बसवू नये, असं म्हटलं आहे.

दुसरी गोष्ट, मुलांपासून काही लपवायचं नाही. ‘‘आज अव्वा-अप्पांची संध्याकाळ,’’ असं आम्ही सरळ सांगतो. गच्चीवर सतरंजी घालायची, पाण्याचा तांब्या ठेवायचा, ही कामं थोरली मोठ्या मानानं करते. यांनी आणलेला गजरा माझ्या केसांत तीच माळते आणि त्यातली दोन फुलं स्वतःला ठेवते. आपल्याकडे वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोनं शेजारी बसायचीही चोरी होती. त्यामुळे आई-वडील एकमेकांशी हसून बोलताना कितीजणांनी पाहिले असतील? आमच्या मुलांनी ते पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

तिसरी गोष्ट खाण्याची. मुलांना सातलाच वरणभात भरवायचा. आमच्यासाठी मात्र सराफाच घरी आणायचा. पावसाळ्यात कोवळी कणसं आली, की हे किसायला बसतात. तुपात मोहरी, हिंग, हिरवी मिरची घालावी, कीस मंद आचेवर परतावा, मग दूध घालून मुरू द्यावा. मीठ, किंचित साखर, वरून लिंबू, खोबरं आणि कोथिंबीर. थंडीत गराडू मिळतो. या कंदाचे तुकडे तळून त्यावर जिरावन मसाला आणि लिंबू. सोबत गोकाकहून आलेली शेंगा चटणी असतेच. माळवा आणि कर्नाटक एका ताटात!

माळव्याचं आणि आपल्या मुलखाचं नातं तसं जुनं आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीचे, घरात कन्नड बोलणारे कुमार गंधर्व क्षयाच्या आजारात १९४८ मध्ये देवासला आले. इंदूरहून ते ३५-४० किलोमीटर. भानुमतीबाईंशी त्यांचं लग्न १९४७ मधलं. म्हणजे संसाराची सुरुवातीची वर्षंच आजारपणात गेली. गाण्याला बंदी होती. भानुमतीबाई शिक्षिकेची नोकरी करून घर चालवत आणि शुश्रूषाही करत. अंथरुणावर पडल्या पडल्या कुमारांनी माळव्याची लोकगीतं ऐकली आणि पुढे त्यांच्या गाण्याला नवी वाट मिळाली. त्या घरात चैनीला जागा कुठली असणार? पण सोबत होती.

धारवाडच्या द. रा. बेंद्र्यांचं घर मराठी, काव्य कन्नड. त्यांचं ‘सखीगीत’ हे तर संसाराच्या सुखदुःखाचंच दीर्घ काव्य. नवरा-बायकोच्या रोजच्या जगण्यात काव्य असतं, हे आपल्याच मुलखातल्या कवीनं सांगून ठेवलंय. आम्ही कधी कधी ते वाचतो. हे कन्नडमधून वाचतात, अडेल तिथे मला मराठीत समजावतात.

दर शनिवार साधतोच असं नाही. कधी धाकटा नऊला उठून रडत येतो. मग तो यांच्या मांडीवर पुन्हा झोपेपर्यंत आम्ही हळू आवाजात बोलत राहतो. कधी ताप, कधी पाहुणे. गेलेला शनिवार भरून काढायचा नाही, पुढचा धरायचा, एवढाच नेम. फोन मात्र आत कपाटावर. आणि एक अट आहे : पहिली पंधरा मिनिटं मुलांविषयी एक शब्द नाही. सुरुवातीला ती पंधरा मिनिटं फार लांब वाटायची. आता यांना नोकरीत काय खुपतं, माझी अर्धवट राहिलेली परीक्षा पुन्हा द्यायची का, हे सगळं तिथेच निघतं.

मैत्रिणींनो, घरात दोन खोल्या असोत की चार, गच्ची असो की नुसती खिडकी, आठवड्यातला एक तास काढून बघा. खायला कीस नसला तर चुरमुरे चालतील. आमच्याकडे परवा यांनी स्वयंपाकघरात येऊन मला चक्क नावानं हाक मारली. थोरली खदखदून हसली आणि दिवसभर तीही मला त्याच नावानं हाका मारत फिरली!