ऊब हवी, पण वायरिंग बघून!

गाडीची सीट मुद्दाम गरम करायची, असं कुणी सांगितलं तर आपल्याकडच्या बायका हसतीलच. मे महिन्यात स्टँडबाहेर उन्हात तापलेल्या जीपमध्ये बसताना आपण आधी ओढणी नाहीतर पदर अंथरतो. रेक्झिनचा चटका ज्यांनी सोसलाय त्यांना गरम सीटचं काय कौतुक? पण एकाच हिवाळ्यात हा विषय माझ्याकडे दोन बाजूंनी आला. एकदा कॅनडातल्या मावसबहिणीच्या फोनवरून आणि एकदा आमच्या बचत गटातल्या वहिनींकडून. दोघींचे प्रश्न वेगळे होते, पण दोन्हींत आपल्या उपयोगाचं बरंच आहे. म्हणून आज थोडं गाडीबद्दल बोलू या. 'त्यातलं आपल्याला काय कळतंय' असं म्हणून पान उलटू नका, मैत्रिणींनो!

माझी मावसबहीण विनिपेगला असते. तिथं जानेवारीत रात्रीचं तापमान उणे वीसच्या आसपास जातं. इंजिन गोठू नये म्हणून रात्री गाडीची वायर घराबाहेरच्या प्लगमध्ये लावून ठेवतात, आपण मोबाइल चार्जिंगला लावतो तशी! ती वृद्धाश्रमात काम करते, पहाटे साडेपाचला घरातून निघते. गाडीचा हीटर इंजिन तापल्यावरच गरम हवा देतो, तोवर निम्मा रस्ता सरतो. सीटमधली ऊब मात्र दोन-तीन मिनिटांत जाणवते. तिची गाडी जुनी, सेकंडहँड. त्यात ही सोय नव्हती. म्हणून तिनं बाहेरून किट घेऊन बसवून घ्यायचं ठरवलं.

तशी ही कल्पना काही आजची नाही. अमेरिकेत १९५५ साली जनरल मोटर्सच्या रॉबर्ट बॅलार्ड यांना गरम सीटचं पेटंट मिळालं आणि १९६६ च्या कॅडिलॅक गाडीत ती सीट आली. पुढे स्वीडनसारख्या थंड देशांत ती नेहमीचीच झाली. २०२२ मध्ये तर बीएमडब्ल्यूनं काही देशांत गाडीत आधीच बसवलेल्या गरम सीटसाठी दरमहा भाडं मागितलं! लोक भडकले, आणि २०२३ मध्ये कंपनीनं तो नाद सोडला.

आपल्याला ही गोष्ट परकी वाटते, पण बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी आठवा. खालून मंद शेक, वरून पांघरूण. कल्पना तीच, फक्त निखाऱ्याच्या जागी वीज.

सीटच्या आत असतं काय?

एका सीटला दोन पातळ गाद्या लागतात. एक बसायच्या भागाला, एक पाठीला. त्यात कार्बनचे धागे किंवा बारीक तारा असतात. वीज गेली की त्या तापतात, इस्त्रीतल्या कॉइलसारख्या, पण कितीतरी कमी. ठरावीक उष्णता झाली की वीज तोडणारा थर्मोस्टॅट असतो. सीटचं कव्हर उतरवायचं, फोमवर गाद्या चिकटवायच्या आणि कव्हर परत तारेच्या रिंगांनी ओढून बसवायचं. हे कुशनवाल्याचं काम. दोन सीटांना चांगला अर्धा दिवस जातो.

खरी मेख पुढे आहे, ती वायरिंगमध्ये. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. एका सीटला साधारण ६० वॉट लागतात, म्हणजे हेडलाइटच्या एका बल्बाइतकी वीज. साठला बाराने भागा. पाच अँपिअर. दोन सीटांचे झाले दहा. एवढा प्रवाह सतत वाहून न्यायला तशी जाड वायर हवी, थेट बॅटरीकडून आलेली. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा. आणि मध्ये रिले हवा. रिले म्हणजे वॉचमनच समजा. डॅशबोर्डवरचं छोटं बटण त्याला नुसता इशारा देतं, मोठा प्रवाह तो सोडतो. रिलेला इशारा गाडीच्या चावीतून गेला पाहिजे, म्हणजे चावी काढली की सीट आपोआप बंद. नाहीतर बटण चुकून चालू राहायचं आणि सकाळी बॅटरी उतरलेली!

बहिणीच्या गाडीत पहिल्या मेकॅनिकनं यातलं काहीच केलं नव्हतं. लायटरच्या सॉकेटला जाणारी वायर सोलून त्याच्यावरच दोन्ही सीटांचा जोड मारला, वर काळी टेप गुंडाळली. त्या सॉकेटचा फ्यूज पंधरा अँपिअरचा. दोन सीटांचे दहा, आणि थंडीत टायर बसतात म्हणून तिचा मुलगा त्याच सॉकेटवर हवा भरायचा पंप लावायचा. फ्यूज उडाला. मेकॅनिकनं काय करावं? पंचविसाचा फ्यूज घालून दिला! आठवड्याभरात गाडीत जळका वास. वायरचं प्लॅस्टिक मऊ होऊन चिकटलं होतं. तिनं लगेच गाडी थांबवून बटणं बंद केली म्हणून निभावलं. नंतर दुसऱ्या कारागिराकडून बॅटरीपासून नवी वायर ओढून सगळं नव्यानं करून घेतलं.

हे ऐकताना मला आपल्याकडची जुनी फ्यूजपेटी आठवली. वीज गेली की जाड तार गुंडाळून देणारे महाभाग आपण सगळ्यांनी पाहिलेत. फ्यूज वायरला वाचवायला असतो. तो उडतो म्हणजे आपलं काम करतो. मोठा फ्यूज घातला की तो शाबूत राहतो, आणि जळते ती आतली वायर.

आपल्या गाडीलाही हेच लागू

आपण गरम सीट नाही बसवत, पण मोठा हॉर्न, जादा लाइट, टेप, अ‍ॅम्प्लिफायर, मागचा कॅमेरा बसवतोच की. शोरूममधून गाडी आली की पंधरा दिवसांत ही हौस सुरू होते. पैसे घरातले, बसणार मुलंबाळं. मग घरातल्या बाईनं चार प्रश्न विचारले तर कुठं बिघडलं?

* वीज कुठून घेतली? कंपनीची वायर कापून की बॅटरीकडून वेगळी? कपलर लावता येत असताना वायर सोलून टेप मारू देऊ नका.

* फ्यूज किती अँपिअरचा आणि कुठे बसवलाय? ती जागा स्वतः पाहून ठेवा.

* पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथं रबरी बूच आहे का? पत्र्याच्या धारेनं वायर हळूहळू सोलली जाते.

* सीटखालची वायर बांधलेली आहे ना? सीट पुढे-मागे सरकताना ती पट्टीत सापडायला नको. थोडी सैल आणि नीट बांधलेली हवी.

* वॉरंटीच्या पुस्तिकेत वायरिंगबद्दल काय अट आहे? सही करण्याआधी वाचा.

आणखी एक, फार महत्त्वाचं. सीटच्या कडेला 'एअरबॅग' असं लेबल दिसलं, तर त्या सीटचं कव्हर कोपऱ्यावरच्या कारागिराला उतरवू देऊ नका. एअरबॅग सीटच्या शिवणीतून बाहेर येते. साधं जाड कव्हर चढवलं तरी तिचा रस्ता अडू शकतो. सीटखालची पिवळी वायर एअरबॅगची असते, तिला हातही लावायचा नाही. शिवाय १ जुलै २०१९ पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांत पुढच्या दोन्ही सीटांना बेल्टची आठवण देणारी यंत्रणा सक्तीची आहे. त्यासाठी चालकाशेजारच्या सीटमध्ये वजन ओळखणारा सेन्सर असतो. सीट उघडताना तोही दुखावू शकतो.

सासूबाईंसाठी घ्यावं का?

आता वहिनींचा प्रश्न. त्यांच्या सासूबाईंना वीस वर्षांपासून मधुमेह. पायाला मुंग्या, तळवे बधिर. तपासणीसाठी दर महिन्याला जिल्ह्याच्या गावी दीड तासाचा प्रवास. कंबर धरते म्हणून मुलानं लायटरच्या सॉकेटला लागणारं गरम सीट कव्हर पाहून ठेवलं होतं. 'तेवढाच शेक मिळेल हो ताई,' वहिनी म्हणाल्या.

हेतू किती चांगला! पण मी त्यांना स्पष्ट 'नको' म्हटलं. आपल्याला चटका बसला की आपण सरकतो, कारण दुखतं. ज्यांची संवेदनाच कमी झाली आहे त्यांना कळतच नाही. मधुमेह, पक्षाघात, मणक्याची इजा असलेल्या माणसांना गरम सीटवर गंभीर भाजल्याच्या घटना परदेशातल्या डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. आणि त्यासाठी सीट लालबुंद तापायला लागत नाही. मोरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी १९४७ मध्ये दाखवून दिलं, की ४४ अंश सेल्सिअसलाही सुमारे सहा तासांत त्वचा भाजते. उष्णता वाढत गेली तसा हा वेळ झपाट्यानं कमी होतो. आरोग्य शिबिरांत रबरी पिशवीनं शेकून फोड आलेले पाय मी पाहिले आहेत. 'कळलंच नाही' हे एकच उत्तर असतं. मधुमेहात अशी जखम भरायला किती महिने जातात, हे ज्यांच्या घरी झालंय त्यांना विचारा.

मग कंबरेचं काय? सीटची पाठ थोडी सरळ करा, कंबरेमागं टॉवेलची गुंडाळी ठेवा, दर पाऊण तासानं गाडी थांबवून चार पावलं चालवा. थंडीत पायात लोकरी मोजे, अंगावर शाल. आणि दुखणं कायमचं असेल तर डॉक्टरांना दाखवा. वहिनींनी तसंच केलं. कव्हरचे पैसे वाचले, त्यातून सासूबाईंना बधिर पायांसाठीच्या मऊ चपला आल्या.

ज्यांच्या नव्या गाडीत कंपनीनंच गरम सीट दिली आहे, किंवा ज्यांची लेक-सून थंड देशात आहे, त्यांनीही एवढं लक्षात ठेवावं. सीट तापली की बटण कमीवर आणावं, मग बंद करावं. वर घोंगडी, उशी ठेवू नये, उष्णता कोंडते. सीटवर गुडघे टेकून मागचं सामान काढू नये. आतल्या तारा तुटतात. बाहेर पाहुण्या गेलेल्या आई-वडिलांना मधुमेह असेल, तर त्यांच्या बाजूचं बटण बंदच ठेवायला मुलांना आधीच सांगून ठेवा.

आणि या रविवारी गाडी धुवायला काढाल तेव्हा फ्यूजपेटी कुठं आहे तेवढं एकदा विचारून घ्या. झाकणाच्या आत कुठला फ्यूज कशाचा आणि किती अँपिअरचा, याचा तक्ता बहुतेक गाड्यांत असतो. नसेल तर गाडीच्या पुस्तिकेत सापडेल. तक्त्यात एक आकडा आणि पेटीत दुसराच फ्यूज दिसला, तर कुणी बदलला ते नक्की विचारा.