कुणाच्या बदल्यात कोण?

नोव्हेंबरात मुंबईत आयपीएलचा एकही सामना नसतो, तरी मिरा रोडच्या हाटकेशमध्ये आयपीएलवरून सगळ्यात कडाक्याचे वाद होतात ते याच महिन्यात. दुपारी जेवणाच्या सुट्टीत उद्योगनगरातल्या गाळ्यांमधून कामगार बाहेर येतात, संध्याकाळी स्टेशनवरून परतलेली माणसं रिक्षातून उतरून सोसायटीच्या गेटाशी रेंगाळतात, आणि चहाच्या टपरीवर मुंबई इंडियन्सचा संघ नव्याने बांधायला घेतला जातो. एखादा पोरगा म्हणतो, "मधल्या ओव्हरींत विकेट काढणारा कुणीतरी आणा आधी." त्यावर काका विचारतात, "आणशील रे, पण सोडणार कुणाला? पर्समध्ये आहे काय?" तिसरा मोबाइलवरची यादी वरखाली करत सांगतो, "काका, फॉरेनर मोजा आधी. जागाच नाही."

हे संवाद मी कितीही वेळ ऐकू शकतो. या तिघांच्या बोलण्यात एक अवघड कोडं आहे आणि ते सोडवणाऱ्यांच्या हातात कागद-पेन्सिलही नसते. संघात जास्तीत जास्त 25 खेळाडू, कमीत कमी 18. परदेशी खेळाडू आठपर्यंत, आणि मैदानात उतरणाऱ्या अकरांत चारच. 2026 च्या मोसमासाठी प्रत्येक संघाची पर्स, म्हणजे खेळाडूंवरच्या खर्चाची मर्यादा, 125 कोटींची. म्हणजे एक माणूस आत आणायचा तर पैसा, जागा आणि परदेशी कोटा ही तिन्ही कुलुपं एकदम उघडावी लागतात. टपरीवरचा वाद रंगतो तो एक कुलूप उघडताना दुसरं आपोआप बंद होतं म्हणून.

ही कुलुपं उघडण्याच्या वाटांपैकी ट्रेडची, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची, वाट सगळ्यात मजेदार. लिलावात बोली जगासमोर लागते, ट्रेड मात्र दोन संघांत दाराआड ठरतो. तो रोखीचा असू शकतो किंवा खेळाडूच्या बदल्यात खेळाडू असा. खेळाडूचं मानधन एका पर्समधून निघून दुसऱ्या पर्समध्ये चढतं. त्याखेरीज नवा संघ जुन्या संघाला बदलीची वेगळी रक्कम देऊ शकतो. तिला मर्यादा नाही, ती पर्समध्ये धरली जात नाही आणि जाहीरही होत नाही. या सगळ्यावर खेळाडूची स्वतःची संमती लागते. नुकताच लिलावात घेतलेला खेळाडू लगेच त्याच मोसमासाठी ट्रेड करता येत नाही.

2023 च्या नोव्हेंबरात हार्दिक पंड्या गुजरात टायटन्समधून 15 कोटींच्या मानधनावर मुंबईत परतला तेव्हा ही यंत्रणा उघड्यावर चालताना दिसली. मुंबईच्या पर्समध्ये एवढी मोकळीक नव्हती. मग कॅमेरून ग्रीन, ज्याला मुंबईने आदल्याच लिलावात 17.5 कोटींना घेतलं होतं, तो बंगळुरूकडे गेला. अहमदाबादहून एक माणूस निघाला, त्याच्यासाठी वानखेडेवर जागा व्हावी म्हणून दुसरा बंगळुरूला पोचला, आणि या हलवाहलवीत चेंडू एकदाही टाकला गेला नाही.

पण ट्रेडची खरी करामत पाहायची तर 10 नोव्हेंबर 2020 च्या रात्री दुबईला जायला हवं. आयपीएलचा अंतिम सामना, दिल्ली विरुद्ध मुंबई, पहिला चेंडू. ट्रेंट बोल्टचा चेंडू उसळला, मार्कस स्टॉइनिसच्या बॅटची कड घेऊन क्विंटन डी कॉकच्या हातात विसावला. तिसऱ्या षटकात अजिंक्य रहाणेही तसाच, झेल डी कॉक, गोलंदाज बोल्ट. चौथ्या षटकात जयंत यादवने शिखर धवनचा त्रिफळा उडवला. दिल्ली 3 बाद 22.

आता यातली माणसं कुठून कुठे आली ते पाहा. बोल्ट आदल्या वर्षी दिल्लीकडून ट्रेडने मुंबईत आलेला. डी कॉक 2019 च्या मोसमाआधी बंगळुरूकडून ट्रेडने आलेला, 2.8 कोटींना. जयंत यादव दिल्लीकडूनच ट्रेडने आलेला. बाद झालेल्यांपैकी संगमनेर तालुक्यात जन्मलेला आणि डोंबिवलीत वाढलेला आपला रहाणे राजस्थानकडून ट्रेडने दिल्लीत गेलेला. धवन हैदराबादकडून ट्रेडने दिल्लीत गेलेला. अंतिम सामन्याच्या पहिल्या चार षटकांत तीन बळी पडले आणि त्यांत गुंतलेल्या सहा जणांपैकी पाच जण अदलाबदलीच्या वाटेने तिथे पोचले होते. स्टॉइनिस तेवढा लिलावातला. दिल्लीने स्वतःच्या हाताने मुंबईला दिलेल्या दोन गोलंदाजांनी दिल्लीचे पहिले तिन्ही फलंदाज काढले, आणि 30 धावांत तीन बळी घेणारा बोल्ट सामनावीर ठरला. हा धावफलक मी पहिल्यांदा या नजरेने वाचला तेव्हा अंगावर काटा आला होता.

मग दिल्लीने बोल्टला सोडलंच का? टपरीवर याचं उत्तर एका शब्दात मिळतं, आणि तो शब्द इथे छापण्याजोगा नाही. मला वाटतं दिल्लीवर हा अन्याय आहे. दिल्लीकडे कगिसो रबाडा होता, परदेशी जागा चारच. बोल्ट तिथे दुसऱ्या वेगवान परदेशी गोलंदाजाच्या रांगेत उभा होता. मुंबईला नेमका नवा चेंडू आत-बाहेर वळवणारा डावखुरा हवा होता. माणूस तोच, मनगट तेच, पण एका घरी तो जास्तीचा आणि दुसऱ्या घरी नेमका कमी असलेला. ट्रेडमध्ये दोन्ही बाजूंना नफा होऊ शकतो याचं गुपित इथे आहे: संघ मोजतो ती आपल्याकडच्या खिंडाराची किंमत, आणि प्रत्येक संघाचं खिंडार वेगळं असतं. डी कॉकचंही तेच झालं. बंगळुरूकडे यष्टिरक्षक म्हणून पार्थिव पटेल होता. मुंबईत सलामीला येऊन डी कॉकने 2019 मध्ये 529 धावा केल्या आणि मुंबई विजेती ठरली.

किंमत ठरते ती कोणत्या दिवशी, हा दुसरा गमतीचा भाग. 2018 च्या नोव्हेंबरात हैदराबादने धवन दिल्लीला दिला आणि बदल्यात तिघे घेतले: विजय शंकर, शाहबाज नदीम आणि अठरा वर्षांचा एक डावखुरा, अभिषेक शर्मा. तेव्हाच्या चर्चेत अभिषेकचं नाव शेवटी, जवळजवळ वजन पुरं करायला टाकल्यासारखं येत असे. 2020 मध्ये धवनने दिल्लीसाठी 618 धावा काढल्या, लागोपाठ दोन शतकं ठोकली आणि दिल्ली पहिल्यांदा अंतिम फेरीत गेली. तेव्हा विचारलं असतं तर सौदा दिल्लीने मारला. पुढे 12 एप्रिल 2025 ला हैदराबादेत त्याच अभिषेकने पंजाबविरुद्ध 55 चेंडूंत 141 धावा केल्या, आणि तो हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागला. साडेसहा वर्षांनी! कोण फसलं याचा निकाल त्याच आठवड्यात लावणाऱ्यांनी हा एक ट्रेड लक्षात ठेवावा.

अदलाबदलीच्या या कोड्याने मोठमोठ्या गणितज्ञांनाही झपाटलं आहे. 1974 मध्ये लॉइड शेपली आणि हर्बर्ट स्कार्फ यांनी एक शोधनिबंध लिहिला. वस्तू अशा की तुकडे होत नाहीत, उदाहरणार्थ घरं, आणि पैसा मध्ये आणायचा नाही. अशा वेळी सगळ्यांना पटेल अशी अदलाबदल नेहमी शक्य आहे का? त्यांनी दिलेली रीत, जिची कल्पना डेव्हिड गेल यांची, इतकी सोपी आहे की हाटकेशमधल्या कुठल्याही सोसायटीत करून पाहता येईल. दहा जण, दहा फ्लॅट. प्रत्येकाने आपल्याला सगळ्यात आवडलेल्या फ्लॅटच्या मालकाकडे बोट दाखवायचं. स्वतःचाच आवडत असेल तर स्वतःकडे. आता कुणापासूनही सुरुवात करा आणि बोटांच्या मागे चालत जा. माणसं दहाच, त्यामुळे आधी भेटलेल्या कुणाकडे तरी तुम्ही परत येणारच. तिथे एक वर्तुळ पुरं झालं. त्या वर्तुळातल्यांनी आपापसांत फ्लॅट बदलले की त्यातल्या प्रत्येकाला पहिल्या पसंतीचं घर मिळालं. ते बाजूला झाले, उरलेल्यांनी उरलेल्या घरांकडे पुन्हा बोटं दाखवायची. शेवटी जी वाटणी होते तिच्यातून फुटून वेगळा गट केला तरी त्या गटातल्या सगळ्यांचं आणखी भलं होऊ शकत नाही.

याच विचाराला धरून आल्विन रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूत्रपिंडांच्या अदलाबदलीची पद्धत बसवली. बायकोला मूत्रपिंड द्यायला नवरा तयार आहे पण रक्तगट जुळत नाही, दुसऱ्या कुटुंबात नेमकी उलटी अडचण आहे. दोन्ही जोड्या एकमेकांसमोर आणल्या की दोन जीव वाचतात. भारतात 2011 च्या कायदादुरुस्तीने अशा अदलाबदलीला मान्यता दिली. रॉथ आणि शेपली यांना 2012 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. "आमचा हा घ्या, तुमचा तो द्या" म्हणणारी टपरी आणि शस्त्रक्रियागृह यांच्या मुळाशी एकच प्रश्न असावा, याचं मला अजून नवल वाटतं.

फ्लॅटला मात्र मन नसतं, आणि संघावर जीव लावणाऱ्यांना असतं. कॅनडात बर्फावरच्या हॉकीत 9 ऑगस्ट 1988 ला एडमंटनने वेन ग्रेट्झ्की लॉस एंजेलिसला दिला. त्याच्यासह एडमंटनने पाच वर्षांत चार वेळा स्टॅनले कप जिंकला होता. लोक इतके खवळले की एका खासदाराने सरकारने मध्ये पडून हा सौदा रोखावा अशी मागणी केली. पुढे 1990 मध्ये एडमंटनने ग्रेट्झ्कीविना कप जिंकला, आणि ग्रेट्झ्कीला तो पुन्हा कधी मिळाला नाही.

आपल्याकडचा खवळलेला समुद्र 2024 चा. पाच विजेतेपदं मिळवून देणाऱ्या रोहित शर्माच्या जागी हार्दिकला कर्णधार केल्याचा राग लोकांनी हार्दिकवर काढला. 1 एप्रिलला वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळी इतकी हुर्यो झाली की समालोचक संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. मुंबई त्या मोसमात तळाला राहिली. रोहितवरच्या मायेपोटी हे झालं हे मला समजतं, तरी आपल्याच संघाच्या माणसाला आपल्याच मैदानात असं वागवणं चूकच होतं. 29 जूनला बार्बाडोसमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटच्या षटकात 16 धावा वाचवायला चेंडू हार्दिकच्याच हातात होता. त्या त्याने वाचवल्या, आणि 4 जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा गजर झाला.

मन खेळाडूलाही असतं, म्हणूनच त्याची संमती ही अट मला फार मोलाची वाटते. रवींद्र जडेजा 2008 च्या विजेत्या राजस्थानचा. राजस्थानशी करार वाढवण्याऐवजी त्याने दुसरीकडे परस्पर बोलणी केली, म्हणून 2010 च्या आयपीएलमध्ये त्याच्यावर बंदी घातली गेली. 2025 च्या नोव्हेंबरात तोच जडेजा राजस्थानला परतला, आता राजरोस, सही करून. चेन्नईने जडेजा आणि सॅम करन दिले, बदल्यात संजू सॅमसन घेतला. जडेजाचं मानधन 18 कोटींवरून 14 कोटींवर आलं. कमी पैशांत जायला तो तयार झाला, हे आकड्यांच्या कुठल्याही खेळात आधी मांडता आलं नसतं.

त्याच नोव्हेंबरात हाटकेशच्या जिव्हाळ्याचा सौदा झाला. लखनऊकडून शार्दूल ठाकूर 2 कोटींत मुंबईकडे आला. अर्जुन तेंडुलकर उलट दिशेने लखनऊला गेला, पण दोन्ही व्यवहार वेगवेगळे, रोखीचे. शार्दूल पालघरचा. लहानपणापासून किटची बॅग घेऊन त्याने पश्चिम रेल्वेचा जो पट्टा तुडवला त्यात विरार, वसई, भाईंदर, मिरा रोड, बोरिवली सगळं येतं. बोरिवलीत प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला आपल्या शाळेत आणलं, स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. रोहितही लाडांचाच विद्यार्थी. 2018 मध्ये दक्षिण आफ्रिकेचा दौरा संपवून शार्दूल विमानतळावरून अंधेरीला आला आणि लोकल पकडून घरी निघाला. हा खरंच तो का, म्हणून डब्यातली पोरं मोबाइलवर त्याचा फोटो शोधून ताडून पाहत होती.

2017 मध्ये पंजाबकडून पुण्याकडे, मग दिल्लीकडून कोलकात्याकडे, आणि आता मुंबईकडे: ट्रेडने संघ बदलण्याची शार्दूलची ही तिसरी वेळ. 2024 च्या मोठ्या लिलावात त्याच्यावर बोलीच लागली नव्हती. मोहसिन खान जायबंदी झाला म्हणून लखनऊने त्याला मूळ किमतीत बोलावून घेतलं होतं. हवाहवासा आणि नकोसा, दोन्ही तो वर्षभरात झाला.

आता टपरीवरचा प्रश्न असा आहे की बुमरा, बोल्ट, दीपक चहर आणि हार्दिक असताना शार्दूलला खेळवायचं कुणाच्या जागी. काकांचं म्हणणं, आठव्या क्रमांकावर येऊन दहा चेंडूंत पंचवीस काढणारा दुसरा आहे कोण? पोरगा ऐकायला तयार नाही, त्याला अजूनही स्पिनरच हवाय.