दिवसाची वीज आणि विहिरीचे पाणी

वीज साठविणे महाग पडते. ती वापरण्याची वेळ बदलणे त्या मानाने स्वस्त. ‘स्मार्ट ग्रिड’ या भारदस्त नावामागील अर्थशास्त्र मुख्यतः एवढेच आहे. महाराष्ट्रातील कृषिपंपांना वर्षानुवर्षे पाळीपाळीने रात्री वीज मिळत आली. कडाक्याच्या थंडीत, विंचूकाट्याच्या भीतीत पिकाला पाणी देणे शेतकऱ्याच्या नशिबी आले. राज्याने २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना आखली. पुण्याच्या ‘प्रयास’ या अभ्यासगटानेही या मार्गाचा पुरस्कार केला आहे. शेतीची वाहिनी गावठाणापासून वेगळी करावयाची आणि उपकेंद्राजवळच्या सौर प्रकल्पातून तिला दिवसा वीज पुरवावयाची. उन्हाची आणि ओलिताची वेळ जुळली, की बॅटरीचा खर्च वाचतो.

योजना स्वागतार्ह आहे. परंतु २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. रात्रीच्या गैरसोयीचा व बिलाचा, असे उपशावरील दोन्ही अंकुश अशा रीतीने सुटतात. म्हणून प्रत्येक कृषिवाहिनीवरील विजेबरोबरच तिच्या क्षेत्रातील भूजलाची पातळीही शासनाने नियमितपणे मोजावी व जाहीर करावी. अन्यथा वीज दिवसा येईल आणि विहीर कोरडी असेल.