कानाचें दुखणें आणि सरकारी योजना

पस्तीस वर्षें प्राथमिक शाळेंत मास्तरकी केलेल्या माणसानें वैद्यकावर बोलावें, हें कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु मला औषध सांगावयाचें नाहीं. डॉक्टरांच्या दारापर्यंत जाण्याची वाट सांगावयाची आहे. ती मला ठाऊक नव्हती, म्हणून एका मुलाचे कांहीं महिने वायां गेले.

हा मुलगा मूर्तिजापूरकडील, माझ्या शेजाऱ्याचा नातू, वय वर्षें नऊ. वर्गांत दोनदां हांक मारल्याशिवाय तो वर पाहत नसे. ‘लक्ष नाहीं’ असा शेरा त्याच्या नांवापुढें पडला होता. (असे शेरे मींही पुष्कळ लिहिले, त्यांतील कितीजणांस खरोखर ऐकूंच येत नसेल, हा विचार आतां झोंप उडवितो.) पुढें उशीवर पिवळे डाग दिसूं लागले, तेव्हां आजीनें लसूण घालून कढविलेलें तेल कानांत सोडलें. माया खरी, उपाय मात्र घातक. घशापासून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी असते. सर्दीचा विकार तिच्यावाटे कानांत शिरतो, पू होतो आणि पडदा फुटतो. अशा भोंकांतून तेल आणि पाणी सरळ आंत उतरतें. दुर्लक्ष झाल्यास श्रवण मंदावतें, कानामागील हाड कुजतें, आणि क्वचित् विकार मेंदूपर्यंत पोंचतो.

आजोबा त्याला घेऊन योजनेचा फलक लावलेल्या एका रुग्णालयांत गेले. ‘येथें कानासाठीं योजना नाहीं’ असें उत्तर मिळालें. त्यांनीं कार्ड पेटींत टाकलें, आणि ‘हें सगळें कागदावरचें असतें’ म्हणून मींही मान डोलाविली.

चूक आमच्या समजुतींत होती. ही योजना २ जुलै २०१२ रोजीं राजीव गांधींच्या नांवें आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत अमरावती होतें, अकोला नव्हतें. २०१३ सालीं ती राज्यभर आली, आणि २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुल्यांचें नांव आहे. केंद्राची आयुष्मान भारत योजना आतां तिला जोडलेली असून, २०२४ पासून पांढऱ्या शिधापत्रिकेच्या कुटुंबांसही ती खुली आहे. संरक्षण कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांचें. परंतु रुग्णालय अंगीकृत होतें तें ठराविक शाखांपुरतें. हृदयासाठीं अंगीकृत असलेलें रुग्णालय कानासाठीं असेलच असें नाहीं. शिवाय खासगी दवाखान्यांतील नुसत्या तपासणीची फी योजना देत नाहीं; ती देते यादींतील शस्त्रक्रियांचा व उपचारांचा खर्च.

म्हणून ‘कार्ड चालतें का?’ असें विचारूं नये. ‘कान-नाक-घसा ही शाखा आपल्याकडे योजनेंत आहे काय?’ असें विचारावें, आणि तेंही गाडीभाडें खर्चण्यापूर्वीं. १५५३८८ या क्रमांकावर चौकशी होते. अंगीकृत रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतो; प्रथम त्यालाच भेटावें. शस्त्रक्रियेची मंजुरी रुग्णालयानें अगोदर मागवावयाची असते. आधीं पैसे भरून मागाहून परत मिळतील या भरंवशावर राहूं नये.

निदानासाठीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय बरें, कारण तेथें ही शाखा असतेच. अकोल्याचें महाविद्यालय २००२ चें. अमरावतीसही २०२४ पासून तें आहे. आम्हीं अकोला धरलें. पडद्यास भोंक निघालें. कान कोरडा ठेवण्याचा हुकूम झाला, विहिरींतलें पोहणें बंद झालें, आणि पुढें शस्त्रक्रिया ठरली.

त्या वेळीं उमगलें कीं मुलाचें नांव शिधापत्रिकेंत चढविलेलेंच नाहीं! जन्माचा दाखला काढून तहसील कचेरीच्या फेऱ्या करण्यांत आणखी दिवस गेले. आपल्या घरची शिधापत्रिका आज रात्रींच काढून पाहा; सर्व मुलांचीं नांवें तींत आहेत काय, आणि आधारावरील नांवांशीं जुळतात काय, एवढें तपासा.